पहिले सहा बाइट

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि नेटवर्क

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्विच ओएसआय मॉडेलच्या दुसऱ्या थरावर चालतो, असं आमच्या पुस्तकात छापलंय. तोंडी परीक्षेला मी तेच सांगितलं. बाहेरून आलेल्या सरांनी लगेच विचारलं, ‘मग तुमच्या लॅबमधल्या स्विचला आयपी अ‍ॅड्रेस कसा? आयपी तर तिसऱ्या थराचा.’ मी गप्प बसले. त्यात कॅटलॉगमध्ये ‘लेयर थ्री स्विच’ म्हणून आणखी एक प्रकार दिसतो आणि टीसीपी/आयपी मॉडेलमध्ये तर थरच चार. स्विच नेमका बसतो कुठे?
– एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : तू दिलेलं उत्तर बरोबर होतं आणि सरांचा प्रश्नही योग्य होता. फक्त ‘स्विच दुसऱ्या थरावर’ या वाक्याचा अर्थ तुला कुणी उलगडून दाखवला नाही. ओएसआय म्हणजे नेटवर्कच्या कामाची सात थरांत केलेली विभागणी. ती सात थरांची उतरंड फळ्यावर काढून ती पाठ करून घेतात, पण स्विचच्या डब्यातून जाणारी एक फ्रेम, म्हणजे माहितीचं एक पाकीट, उघडून दाखवत नाहीत. मी शिकवायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मीही फळाच वापरला. मुलं पास होत होती, पण लॅबमध्ये स्विचसमोर उभी केली की अडखळत होती. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी फ्रेम उघडते. तूही तेच कर.

लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर वायरशार्क घाल. फ्रेम टिपून दाखवणारा हा प्रोग्राम फुकट मिळतो. ब्राउझरमध्ये कुठलंही पान उघड आणि तुझ्या कॉम्प्युटरवरून बाहेर गेलेल्या एखाद्या फ्रेमवर क्लिक कर. खाली आकड्या-अक्षरांच्या जोड्या दिसतील, एका ओळीत सोळा. एक जोडी म्हणजे एक बाइट. आता पडद्यावर बोट ठेवून मोजायला लाग.

पहिले सहा बाइट म्हणजे ही फ्रेम ज्याच्या हातात पडायची त्याचा मॅक अ‍ॅड्रेस. मॅक म्हणजे उपकरणाच्या नेटवर्क-जोडणीचा स्वतःचा क्रमांक. पुढचे सहा, म्हणजे ७ ते १२, पाठवणाऱ्याचा मॅक अ‍ॅड्रेस. १३ आणि १४ वर आत काय भरलंय त्याची खूण. तिथे ०८ ०० दिसलं तर आत नेहमीचं आयपी पॅकेट आहे. ८६ डीडी दिसलं तर ते आयपीव्ही६, म्हणजे आयपीची नवी आवृत्ती आहे. ती फ्रेम सोड आणि ०८ ०० वाली शोध, कारण पुढची मोजणी तिच्यासाठीच आहे. १५ व्या बाइटपासून आयपीचा मजकूर सुरू होतो. २३ वा बाइट लक्षात ठेव, त्याच्याकडे परत यायचंय. २७ ते ३० हा पाठवणाऱ्याचा आयपी आणि ३१ ते ३४ हा जिथे शेवटी पोचायचं त्याचा आयपी. हा शेवटचा पत्ता पडद्यावर बरोबर मधोमध तुटतो. त्याचे दोन बाइट दुसऱ्या ओळीच्या शेवटी येतात आणि उरलेले दोन तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला. माझे विद्यार्थी हमखास तिथे चुकतात.

आता एक गोष्ट पडताळून बघ. ३१ ते ३४ मध्ये तू उघडलेल्या वेबसाइटचा आयपी आहे. पण पहिल्या सहा बाइटमध्ये त्या वेबसाइटचा मॅक अ‍ॅड्रेस नाही. तिथे तुमच्या कॉलेजच्या राउटरचा, म्हणजे कॉलेजचं नेटवर्क बाहेरच्या नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याचा, मॅक अ‍ॅड्रेस आहे. एकाच फ्रेममध्ये दोन मुक्काम लिहिलेत आणि ते वेगवेगळे आहेत! पणजीहून साखळीला येताना तू कधी रायबंदरहून फेरीने चोडणला उतरून आली असशील. फेरीला साखळीशी काही देणंघेणं नसतं. समोरचा चोडणचा धक्का एवढाच तिचा मुक्काम. तिथून पुढे मये, डिचोली, साखळी, ही तुझी वाट. पहिले सहा बाइट म्हणजे चोडणचा धक्का आणि ३१ ते ३४ म्हणजे साखळी.

साधा स्विच पहिले सहा बाइट वाचतो आणि फ्रेम कुठल्या पोर्टमधून, म्हणजे केबल खोचायच्या कुठल्या खाचेतून, बाहेर काढायची ते ठरवतो. ३१ व्या बाइटपर्यंत तो जातच नाही. दुसरा थर म्हणतात तो एवढाच. थर डब्यावर छापलेला नसतो. निर्णय घेण्यासाठी तो डबा फ्रेममध्ये किती खोल उतरतो, त्यावरून त्याचा थर ठरतो.

कुठला मॅक कुठल्या पोर्टवर आहे हे त्याला कोण सांगतं? कुणीच नाही, तो स्वतः शिकतो. आत येणाऱ्या प्रत्येक फ्रेमचे ७ ते १२ बाइट बघतो आणि ‘हा तिसऱ्या पोर्टवरून बोलला’ अशी नोंद करतो. म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून शिकायचं आणि घेणाऱ्याच्या पत्त्यावरून ठरवायचं. ज्याची नोंद नाही त्याची फ्रेम, जिथून आली तो पोर्ट वगळून, बाकी सगळ्या पोर्टवर सोडायची. कुणी बराच वेळ, बहुतेक स्विचवर ३०० सेकंद, बोललंच नाही तर त्याची नोंद पुसायची. तुमच्या लॅबच्या स्विचला आयपी आहे, म्हणजे तो मॅनेज्ड, ब्राउझरमधून बघता-बदलता येणारा. त्याच्या पानावर ही मॅक टेबल दिसेल. लॅपटॉप तिसऱ्या पोर्टवरून काढून सातव्यावर लाव आणि टेबल पुन्हा उघड. नोंद सातव्यावर गेलेली दिसेल. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी अजून बघावंसं वाटतं.

मी २००१ साली फोंड्यात कामाला लागले तेव्हा पुष्कळ ऑफिसांत हब होते. हब एकही बाइट वाचत नाही. एका पोर्टवर आलेला विजेचा संकेत ताजा करून बाकी सगळ्यांवर सोडतो, म्हणून तो पहिल्या थराचा. त्याच्यावर ‘कोलिजन’ असा एक दिवा असायचा आणि महिनाअखेरीला हिशेबाच्या दिवसांत तो सतत पेटलेला. दोघांनी एकदम पाठवलं की संकेत एकमेकांवर आदळायचे. इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभं केलं, तेव्हा सगळ्यांना मिळून एकच केबल होती. ही टक्कर तेव्हापासूनची. ती संपवली ती पहिले सहा बाइट वाचणाऱ्या डब्याने. १९९० साली असा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला तो ‘कल्पना’ नावाच्या कंपनीने. सात पोर्टचा. कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज, आणि नाव त्यांच्या पत्नीचं. पुढे १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. आपल्या लॅबमधल्या मुलांना हे नाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्या स्विचची खुबीही याच सहा बाइटांत आहे. घेणाऱ्याचा पत्ता फ्रेममध्ये अगदी पुढे ठेवलेला, म्हणून सहा बाइट आत आले की बाकीची फ्रेम यायच्या आधीच तिला पुढे ढकलायला सुरुवात करता येते. ‘कल्पना’चा स्विच तसंच करायचा.

आता २३ वा बाइट. त्याचं नाव टीटीएल. पाठवणारा त्यात ६४ किंवा १२८ असा आकडा घालतो, वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो आणि शून्य झालं की पॅकेट टाकून देतो. भरकटलेलं पॅकेट कायम फिरत राहू नये म्हणून ही सोय. पण ती तिसऱ्या थराची. इथरनेटच्या १४ बाइटांत असा आकडाच नाही.

याचा अर्थ काय होतो ते मी एका शाळेत पाहिलं. फोंडा तालुक्यातली शाळा, काही वर्षांपूर्वीचा जून. मे महिन्यात रंगकाम झालं होतं. सकाळीच शिपाईमामांचा फोन आला, ‘बाय, सगळें बंद पडलां.’ ऑफिस बंद, लॅब बंद, प्रिंटर बंद. जाऊन बघते तर चोवीस पोर्टच्या स्विचचे जोडलेले सगळे दिवे एका तालात, न थांबता लुकलुकतायत. एरवी हे दिवे आपापल्या लयीत लुकलुकतात. सगळे एकदम धडधडायला लागले की काय झालंय ते मला दारातूनच कळतं. रंगकामानंतर कुणीतरी चांगल्या हेतूने, लोंबणारी वायर नीट दिसावी म्हणून, एका पॅच कॉर्डचं मोकळं टोक रिकाम्या पोर्टमध्ये खोचून ठेवलं होतं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं.

मग एका कॉम्प्युटरने नेहमीसारखी हाक मारली, ‘अमुक आयपी कुणाचा?’ हिला एआरपी म्हणतात. हिच्या पहिल्या सहा बाइटांत सगळे एफ असतात, म्हणजे ‘सर्वांसाठी’. स्विचने ती सगळ्या पोर्टवर सोडली. त्या वायरमधून ती परत आत आली. स्विचला ती नवी फ्रेम. पुन्हा सगळीकडे सोडली, पुन्हा आत आली. अशा थोड्याच हाका, पण हजारो वेळा फिरणाऱ्या. त्यांना थांबवणारा आकडा दुसऱ्या थरावर नाही, आणि आयपी पॅकेट असतं तरी साधा स्विच २३ व्या बाइटला हात लावत नाही. ती एक वायर उपटली आणि दोन-तीन सेकंदांत दिवे शांत झाले. मुख्याध्यापकांना वाटलं, मी काहीतरी जादू केली. मी त्यांना खुर्चीवर बसवून हेच सगळं समजावलं आणि रिकाम्या पोर्टवर चिकटपट्टी लावून आले.

यावर उपाय आहे. रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत मांडली. स्विच आपापसांत निरोप पाठवून वर्तुळ कुठे होतंय ते ओळखतात आणि तो रस्ता स्वतःच बंद ठेवतात. मॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय मिळते, शाळेतल्या त्या स्वस्तातल्या स्विचमध्ये ती नव्हती.

आता सरांचा प्रश्न. मॅनेज्ड स्विचच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो. त्याला स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस आणि तू पाहिलास तो आयपी. एखाद्या फ्रेमच्या पहिल्या सहा बाइटांत स्विचचाच मॅक असला, तर ती फ्रेम त्याची स्वतःची. तेवढीच तो पूर्ण उघडतो. आयपी वाचतो, टीसीपी जुळवतो, वेबपेज दाखवतो, सातव्या थरापर्यंत जातो. बाकीच्यांच्या लाखो फ्रेम सहा बाइटांवर निकालात निघतात. फेरीवाल्याच्या घरीही पोस्टमन पत्र टाकतो, म्हणून त्याची फेरी पोस्ट ऑफिस होत नाही.

लेयर थ्री स्विचचंही कोडं याच कसोटीने सुटतं. फ्रेमच्या पहिल्या सहा बाइटांत दुसऱ्या कुणाचा मॅक असेल तर तो साध्या स्विचसारखाच वागतो. त्याचा स्वतःचा मॅक असेल आणि आतला आयपी मात्र भलत्याचाच असेल, तर ‘मला पुढे पोचव’ असा त्याचा अर्थ. मग तो ३१ ते ३४ वाचतो, रस्ता निवडतो, पहिले बारा बाइट नव्याने लिहितो, २३ व्यातून एक वजा करतो आणि फ्रेम पाठवतो. हे काम राउटरचं, फक्त इथे ते चिपमध्येच होतं म्हणून फार वेगाने होतं. एकच डबा, एका फ्रेमसाठी दुसऱ्या थराचा आणि पुढच्याच फ्रेमसाठी तिसऱ्या थराचा. काही लेयर टू स्विच आयपीच्या मजकुरात थोडं डोकावतातही, उदाहरणार्थ व्हिडिओचा एक प्रवाह कुणाकुणाला हवाय ते बघायला. पण आयपी बघून ते रस्ता बदलत नाहीत.

राहिले चार थर. ओएसआय मॉडेल हे आयएसओ या संस्थेचं मानक म्हणून १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, टीसीपी/आयपीवर आलं होतं. टीसीपी/आयपीवाले हे लोक आधी चालवून बघणारे होते. त्यांनी १९८९ च्या दस्तऐवजात चार थर सांगितले : लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, अ‍ॅप्लिकेशन. आयपीच्या खालचं सगळं लिंकमध्ये. त्या हिशेबाने साधा स्विच लिंक थरात. तोच स्विच, तेच सहा बाइट.

पुन्हा कुणी तोंडीला विचारलं तर म्हण : ‘सर, दुसऱ्यांची फ्रेम पुढे पाठवताना तो दुसऱ्या थरावर असतो. आयपी आहे तो त्याच्या स्वतःच्या व्यवस्थापनासाठी.’ आणि कागद मिळाला तर फ्रेम काढून दाखव.

प्रश्न : पेडणे तालुक्यात आमचं आठ खोल्यांचं गेस्ट हाउस आहे. भिंती चिऱ्याच्या, वायफाय आत पोचत नाही, म्हणून प्रत्येक खोलीत केबल ओढली. इंटरनेटवाल्यांच्या डब्यातून थेट १६ पोर्टच्या स्विचमध्ये लाइन घेतली. एका खोलीत नेट चालतं, बाकीच्यांत नाही. स्विच बदलून पाहिला, तेच.
– एक व्यावसायिक, हरमल

उत्तर : तुमचे दोन्ही स्विच धडधाकट आहेत, जुना टाकू नका. मधे राउटर नाही, एवढंच झालंय. तुमच्या लाइनवाल्यांनी त्यांचा डबा ब्रिज मोडवर ठेवलेला दिसतो, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम न करता लाइन नुसती पुढे देतो. तो एकच आयपी देतो आणि ज्या खोलीने आधी मागितला तिला तो मिळतो. स्विच आयपी वाटत नाही आणि एक आयपी आठ जणांत वाटूनही देत नाही. त्यासाठी २७ ते ३० वरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलावा लागतो. ते राउटर करतो. आधी लाइनवाल्यांचा डबा, मग राउटर, मग स्विच, मग खोल्या. याच क्रमाने जोडा. राउटर लावल्यावरही नेट आलं नाही, तर लाइनवाल्यांचा डबा पाचेक मिनिटं बंद ठेवून सुरू करा. पुष्कळदा त्यांच्या बाजूला आधीच्या उपकरणाचा मॅक लक्षात राहिलेला असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमचा बिलिंगचा कॉम्प्युटर त्याच स्विचवर असेल तर पाहुण्यांचे लॅपटॉप आणि तो एकाच खोलीत बसल्यासारखे आहेत. कुणी ठरवलं तर तो शोधू शकतो. छोटा मॅनेज्ड स्विच घ्या आणि पाहुणे एका व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचमधल्या वेगळ्या गटात, आणि तुमचं ऑफिस दुसऱ्यात करा. राउटरही व्हीलॅन चालवणारा हवा, घेताना दुकानात तसं विचारा. व्हीलॅनची खूण असलेल्या फ्रेममध्ये १२ व्या बाइटनंतर चार बाइट जादा घातले जातात आणि त्यांत गटाचा क्रमांक असतो. एका स्विचवर असे ४०९४ गट मावतात, तुम्हाला दोनच लागतील. साखळीच्या विद्यार्थिनीसाठी : अशा फ्रेममध्ये वरची ३१ ते ३४ ची जागा सरकून ३५ ते ३८ होते.

प्रश्न : मेच्या अखेरीस विजा झाल्या, त्यात स्विचचे तीन पोर्ट गेले. बाकीचे चालतात. असाच वापरू का? तिन्ही पोर्टवरून मागच्या घराला जाणाऱ्या केबल होत्या.
– एक वाचक, धारबांदोडा

उत्तर : हा निखळ पहिल्या थराचा मामला. विजेला मॅक आणि आयपी दोन्ही सारखेच. प्रत्येक पोर्टच्या मागे एक बारीकसा ट्रान्सफॉर्मर असतो आणि १५०० व्होल्टपर्यंतचा धक्का अडवणं एवढी त्याची मानकाप्रमाणे ताकद. दोन घरांमधल्या उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत जवळपास पडलेल्या विजेने त्याहून कितीतरी जास्त धक्का बसू शकतो.

उरलेले पोर्ट तूर्त वापरा, पण त्यांचा भरवसा धरू नका. ते अर्धवट भाजलेले असू शकतात आणि तसा पोर्ट मधूनच लिंक सोडतो. मागच्या घराला तांब्याची केबल पुन्हा ओढू नका. फायबर टाका, बाहेरच्या वापराची, आत धातूची तार नसलेली. काचेतून वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे छोटे डबे, लागतील. तांब्याची १०० मीटरची मर्यादाही त्यामुळे सुटते. आणि मेलेल्या तीन पोर्टवर आजच लाल पट्टी चिकटवा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी वायर त्यांतच खोचेल आणि बिघाड शोधायला तुमचा अख्खा दिवस जाईल.